येसूआयेचा हात

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, की तांडेल, तुमच्या दर्यावरच्या दिवसांतले एखादे वादळ लिहून द्या. वादळे मी पाहिली आहेत, पण त्यात लिहिण्यासारखे फारसे नसते. देवाचे नाव घ्यायचे आणि बोटीतले पाणी उपसत राहायचे. वाचलात तर तुम्ही हुशार ठरता, नाही वाचलात तर बाकीचे. माझ्या धंद्यात खरी कसोटी वादळाची नव्हती, ती उडीची होती. म्हणून मी उडीबद्दल लिहिणार आहे, आणि उडीबद्दल लिहायचे तर माझ्या आईबद्दल लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

हल्लीची पोरे एसटीत बसून मुंबईला जातात. त्यांना पडाव म्हणजे काय तेही सांगावे लागते. आमच्या काळात, म्हणजे एकोणीसशे वीसनंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, रत्नागिरीचा माणूस मुंबईला जायचा तो आगबोटीने. आगबोट मांडवीच्या धक्क्याला लागत नसे, कारण तेवढे पाणीच नाही. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा वाजवायची, आणि मग आम्ही आमचे पडाव घेऊन तिच्याकडे जायचो. पडाव म्हणजे रुंद पोटाची मोठी होडी. उतारू, बोचकी, फणस, कोंबड्या, सगळे त्यात भरून धक्क्यावर आणायचे. पडावाचा जो मुख्य, तो तांडेल.

आता उडीचे. आगबोटीच्या कुशीतले दार उघडून खाली शिडी सोडत. पडाव शिडीला लावला, तरी तो काही जागेवर उभा राहत नाही. लाट आली की शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत वर चढतो आणि दुसऱ्या क्षणी पुरुषभर खाली जातो. वर आला की एक श्वासभर थांबतो. त्या श्वासात पाऊल टाकले तर तुम्ही ओसरीवर उतरल्यासारखे उतरता. उशीर केलात तर पायाखाली पडाव नसतो. म्हणून तांडेलाने हात पुढे करायचा, "आता!" म्हणून ओरडायचे आणि माणूस ओढून घ्यायचा. सारी विद्या ती एवढीच. पण ती यायला मला बरीच वर्षे लागली आणि दोन दात गेले.

गिऱ्हाइके तऱ्हेतऱ्हेची. शिवणाच्या मशीनचे डोके तान्ह्या पोरासारखे छातीशी धरून उडी टाकणारा एक शिंपी होता. म्हणे, मी पडलो तरी चालेल, हिला भिजू देऊ नका. गुहागरकडचे एक भटजी मुहूर्त बघून उतरायचे. लाट त्यांच्या मुहूर्ताला कधी आली नाही, पण त्यांनी दोष कायम मला दिला. मुंबईहून नवे करकरीत बूट घालून येणारे चाकरमानी तर पहिल्याच पायरीवर घसरायचे आणि पडावात येऊन बसले की मलाच विचारायचे, "काय तांडेल, एवढ्या वर्षांत सुधारणा काय नाय?"

पुरुष मात्र हात धरायचे. पंचाईत बायकांची होती. परक्या पुरुषाचा हात धरायचा कसा? खाली आमच्यासारखे उघडेबंब खारवी खलाशी, वर सासू बघतेय, मागे दीर उभा. घरंदाज बाई शिडीच्या टोकाला येऊन हात पदरात घ्यायची आणि स्वतःच्या बळावर उतरू बघायची. नऊवारी लुगडे, काखेत मूल, बोटीने ढवळलेले पोट, आणि खाली हलता पडाव. मी हात पुढे करून उभा असायचो, आणि माझ्या हाताकडे बाया विंचवाकडे बघावे तशा बघायच्या. मला राग यायचा. माझा स्वभाव मुळात तापट, आणि भरतीची वेळ निघून जात असली की अधिकच.

असेच एकदा मालगुंडकडची एक नवी नवरी आली. हात धरता धरता तिने तो मागे घेतला आणि पडाव व आगबोट यांच्यामधल्या फटीत गेली. आमच्या खलाशाने बुडी मारून तिला वर काढली. जीव वाचला, पण एक हात मोडला तो मोडलाच. त्या दिवशी माझी आई पडावात होती. माझी धाकटी बहीण बाळंतपणाला मुंबईहून येणार, म्हणून तिला आणायला आली होती.

माझ्या आईचे नाव यशोदा. पण आम्ही मुले, सुना, नातवंडे, शेजारीपाजारी, बंदरावरचे हमाल आणि आगबोटीवरचे खलाशी, सगळे तिला येसूआये म्हणत. बाप दर्यात गेला तेव्हा मी मिसरूड न फुटलेला, आणि मी थोरला. आयेने मासे विकले, बामणआळीत जाऊन नारळ सोलले, आणि सात पोरे वाढवली. पुढे घरात सुना आल्या तरी चूल तिच्या हुकमावर पेटायची. तिचा एक नियम होता, की बोट लागली की घरातल्या मोठ्या टोपात पेज चढलीच पाहिजे. बोट लागून आडवे झालेले, पोटात अन्नाचा कण नसलेले उतारू धक्क्यावर बसलेले असत. राजापूरचा असो की संगमेश्वरचा, जो आमच्या हातचे खाईल त्याला पेज, जो खाणार नाही त्याला शहाळे. कुणी सांगितले नव्हते, कुणी पैसे देत नव्हते. आम्ही भाऊ कुरकुरलो की म्हणायची, "तुमचा बापूस दर्यात गेला तवा कुनी तरी आपल्याला पेज घातलान ना? मग गप ऱ्हावा."

तर ती नवरी पडली, ते आयेने डोळ्यांनी पाहिले. पुढची बोट आली तेव्हा मी पडाव ढकलायला गेलो, तर ही आधीच आत जाऊन बसलेली. कासोटा घट्ट मारलेला आणि हाताला जुन्या घोंगडीची पट्टी गुंडाळलेली.

"आये, ह्यां काय?"

"लोकरीला इटाळ नाय," ती म्हणाली. "बामनाच्या बायका सोवळ्यात धाबळी नेसत्यात, मी बघितलंय. बाप्याचा हात नको ना त्यान्ला? मग बाईचा घेव दे. माजा चालत नसंल तर लोकर धरू दे. पाय तर ह्याच पडावात ठेवनार."

आणि बायकांनी तो खरोखर धरला. शिडीच्या टोकाला बाई आली, की आये खालून घोंगडीचा हात वर करायची. "ये गो बायो. खाली बघू नको. माज्या तोंडाकडं बघ. माजं नाक बघ कसं वाकडं हाय ते." बाई हसायची, आणि ती हसली की आये "आता!" म्हणून ओढून घ्यायची. धंद्याचे गुपित मला वीस वर्षांत कळले नव्हते ते हिने आठवड्यात काढले. माणूस भ्यालेला असला की त्याला ओरडून काही उपयोग नाही.

काही मोसम असे झकास गेले. मुंबईहून पत्रे यायची, की सुनेला पाठवतोय, पडावात येसूआये आहे ना? एक म्हातारी तर बोटीच्या दारातूनच विचारायची, "म्हातारी आहे का खाली? नसेल तर मी परत जाते." मला हसू यायचे आणि थोडा अभिमानही वाटायचा. तांडेल मी, पण माझा पडाव आईच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

मग एका वैशाखात ती गोष्ट घडली. दिवसभर उसळती लाट होती आणि उतारूही खूप. घोंगडीची पट्टी भिजून चिंब झालेली. एक तरुण बाई कडेवर तान्हे मूल घेऊन शिडीवर आली. तिने लोकर मुठीत धरली, पाऊल टाकले, आणि पडाव खाली गेला. ओली पट्टी आयेच्या हातावरून सोललेल्या सालीसारखी निघाली. पट्टी त्या बाईच्या मुठीत राहिली आणि बाई वाऱ्यावर. आयेने पडावाच्या काठावर स्वतःला लोटून दुसऱ्या, उघड्या हाताने तिचा दंड पकडला. मी आयेची कंबर धरली. सगळे एकमेकांच्या अंगावर पडावात कोसळलो. मूल रडलेसुद्धा नाही.

आयेने त्या बाईची मूठ सोडवली, पट्टी काढून घेतली आणि दर्यात सोडून दिली. "हिच्यापायी लेकरू गेलं असतां," ती म्हणाली. "आता हात. धरायचा तर धरा."

आता त्या काळी खारवणीचा उघडा हात धरणे म्हणजे बामणआळीतल्या सोवळ्या बायकांना केवढे संकट, हे आज सांगून खरे वाटणार नाही. काहींनी निमूट धरला. काहींनी घरी जाऊन तक्रार केली, आणि त्या तक्रारी भाऊसाहेबांकडे गेल्या. भाऊसाहेब हे आगबोटीचे एजंट. माणूस सज्जन, तपकिरीचा शौकीन, भांडणाला भिणारा. माझा पडाव त्यांच्या मर्जीवर चालत होता. त्यांनी मला बोलावले, चिमूट ओढली, आणि म्हणाले, "तांडेल, कायद्याप्रमाणे पडावात उतारू आणि कंपनीची माणसं सोडून कुणी बसायचं नाही."

"हा कायदा इतकी वर्षं खंय होता, साहेब?"

"होता रे. पण आता लोक बोलतायत. तिला सांग, घोंगडी घे, नाही तर घरी बस."

"तुम्हीच सांगा तिला."

"मी?" भाऊसाहेबांची तपकीर सांडली. "ती मला बंदरावर चारचौघांत उभा सोलील!"

शेवटी मीच सांगितले. आये उंबऱ्यात बसून तिसऱ्यांच्या शिंपल्या फोडत होती. ऐकून घेतले, आणि कोयती खाली न ठेवता म्हणाली, "लोकर निसटता. मी निसटनारा हात कुनाला देनार नाय. त्यापरास नाय येत." आणि तेव्हापासून ती धक्क्यावर पेजेच्या टोपाशी बसू लागली. मी भाऊसाहेबांशी वाद घातला, आरडाओरडा केला. माझा पडाव जायचा बाकी राहिला होता. पण तिने मला बजावले, "तू गप ऱ्हा. दर्या सांगंल त्यान्ला."

दर्याने सांगायला फार वेळ लावला नाही. आये नाही म्हटल्यावर बायका शिडीवर अडून राहू लागल्या. भोंग्यावर भोंगे, आगबोट चालवणाऱ्या सारंगाच्या शिव्या, आणि माझा हात पुन्हा विंचू झाला. एक बाई तर उतरलीच नाही. तशीच पुढे जैतापूरला गेली आणि राजापूरवरून बैलगाडीने मागे आली. कुणी पडले नाही हे नशीब, पण ते कधी तरी होणार हे मला दिसत होते. झोप लागत नव्हती.

मोसमाच्या अगदी शेवटच्या बोटींपैकी एक. पुढे पावसाळाभर बोटी बंद. नैर्ऋत्येचा वारा सुटलेला, लाट उंच. त्या बोटीने भाऊसाहेबांच्या आई, माई, मुंबईच्या लेकीकडून परत येत होत्या. माई म्हणजे बामणआळीतले सर्वांत कडक सोवळे. म्हणून भाऊसाहेब जातीने माझ्या पडावात आले. आगबोटींचा हा एजंट जन्मात कधी पडावात बसला नव्हता. धक्का सुटला तसे त्यांचे तोंड हिरवे पडले, आणि आगबोटीपाशी पोचेपर्यंत ते काठावर ओणवे होऊन पोटातले सगळे दर्याला देऊन बसले.

माई शिडीच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. बारीक, ताठ, धाबळी नेसलेल्या, बोटीत पाण्याचा थेंब न घेतलेल्या. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"आई, माझा हात धर!" भाऊसाहेब कसेबसे म्हणाले.

"मी सोवळ्यात आहे. तू बंदरावर कुणाकुणाला शिवून आलायस. आणि तुझाच हात कुणी तरी धरायला हवाय." मग त्यांनी मला विचारले, "येसू कुठाय?"

मी भाऊसाहेबांकडे पाहिले. वरून सारंग ओरडत होता, की वारा वाढतोय, आता उतरवा नाही तर मी नांगर उचलतो. जैतापूरला या लाटेत शिडी लागणार नाही, म्हातारी थेट गोव्याला जाईल. भाऊसाहेबांनी तोंड पुसले आणि कुठून बळ आणले कोण जाणे, शेजारच्या होडीवाल्याला ओरडून सांगितले, "जा, येसूआयेला घेऊन ये! मी बोलावलंय म्हणून सांग!"

ती आली. होडीतून पडावात अशी आली, की जशी माजघरातून ओसरीवर. हात उघडाच.

"येसूआये, ही आईचीच धाबळी आहे दुसरी, कोरडी आहे," भाऊसाहेब गयावया करू लागले. "ती गुंडाळ हाताला."

"ती बी लोकरच," आये म्हणाली.

"भाऊ, तू गप्प बस," वरून माई म्हणाल्या. मग आयेकडे बघून, "तुझी घोंगडी कुठं गो?"

"दर्यात सोडली."

"का?"

"ओली झाली की निसटता. एक पोरगी निसटली, लेकरासकट. माजा हात निसटत नाय, माई."

"माझ्याएवढीच म्हातारी तू. काय बळ आहे त्या हातात?"

"सात पोरां वाढवलीत. तुमी काय भारी?"

पडाव वर येत होता, खाली जात होता. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या तोंडासमोर यायच्या आणि पुन्हा दूर व्हायच्या, पण बोलणे मात्र विहिरीवर उभे राहून चालावे तसे चालले होते.

"मला घरी जाऊन आंघोळ करावी लागेल," माई म्हणाल्या.

"करा की. आंगूळ कराय मानूस जित्ता लागता."

माई हसल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिले नव्हते. "दे," त्या म्हणाल्या. पडाव वर आला, आये "आता!" म्हणाली, आणि माई तिच्या कुशीत अलगद येऊन बसल्या.

धक्का येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. धक्क्यावर पाय ठेवल्यावर मुलाला विचारले, "हिला पडावात बसू नको म्हणून तू सांगितलंस?"

"आई, कायदा—"

"त्या कायद्याला एकदा शिडीवर उभा कर, आणि मग मला सांग."

मग आये पुन्हा पडावात आली ती कायमची. माईंनी धरला म्हटल्यावर इतर बायकांनीही तिचा हात धरला. पण माईंनी घरी जाऊन विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या हाताने वाचवले तो धुऊन टाकायचा? आणि पुढे सगळ्याच जणी तसे करू लागल्या. इकडे हात धरायचा, तिकडे जाऊन आंघोळ. मी आयेला म्हटले, "तुला कायच वाटत नाय?"

"काय वाटायचां? ती जीव माज्या हातात देऊन आली. मागनं आंगूळ केलान, तर तिच्या विहिरीचां पानी गेला. माजां काय गेला?"

तिचे काही गेले नसेल, माझे गेले. ती आंघोळ माझ्या मनात सलत राहिली. माई देवळापाशी भेटल्या, "येसू बरी आहे ना रे?" म्हणाल्या, तर मी "हाय" म्हणून पुढे जायचो.

आये कितीतरी मोसम तसाच हात देत राहिली. डोळ्यांनी कमी दिसायला लागले तेव्हा लाट पायाच्या तळव्यांना कळते म्हणायची, आणि तिला ती कळायचीही. शेवटचे दोन मोसम माझी मुले तिला उचलून पडावात बसवायची. एका श्रावणात, पडाव माडाच्या झापांखाली शाकारून ठेवलेले असताना, ती दोन दिवसांच्या तापाने गेली. शेवटी पेजेचा टोप घासलाय का, असे विचारत होती. तेराशे-चौदाशे नातवंडे असावीत असे वाटण्याइतकी माणसे अंगणात जमली. नात्यातल्या घरांनी बातमी ऐकून, आपले माणूस गेले म्हणून, रीतीप्रमाणे अंगावरून पाणी घेतले. बाकीच्यांना तिचे ना स्नान ना सूतक, तरी ते रडत होते. मी रडलो नाही, कारण थोरल्याने रडायचे नसते, पण आज लिहिताना सांगतो, की तिच्यावाचून पडाव मला पुन्हा कधी आपला वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. खारवीवाड्यात ते पहिल्यांदाच येत होते. ओट्यावर बसले, तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली.

"आई अंथरुणाला खिळलीय," ते म्हणाले. "तिला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण कामाची बाई बोलून गेली. आईनं ऐकलं आणि म्हणाली, मला धरून विहिरीवर न्या. मी म्हटलं, आई, अंगात ताकद नाही तुझ्या, आणि येसूआये कुठं आपली स्नानसुतकाची? तर माझ्यावर ओरडली."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, हात धरून आणलंन मला तिनं. घाल पाणी."